सहीच्या आधी नावाचा अर्थ विचारा



गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एक मावशी आतड्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात दाखल झाल्या. वय ऐंशीच्या पुढे. मूळच्या अलिबागकडच्या, मुंबईत वाढलेल्या, लग्नानंतर इस्रायलला आलेल्या. बाजारापुरती आणि शेजारपाजारापुरती त्यांची हिब्रू उत्तम आहे. पण इस्पितळाची हिब्रू निराळी. डॉक्टरांनी कागद पुढे केला, नातवाने बोट ठेवले तिथे मावशींनी सही केली. "छोटंसं ऑपरेशन आहे आजी, आतड्यातली गाठ काढणार," एवढेच नातवाने सांगितले.

कागदावर 'कोलोस्तोमिया' हा शब्द होता. मावशींच्या कानावर तो पडलाही होता. पण दोन वर्षांपूर्वी त्यांची 'कोलोनोस्कोपिया' झाली होती. तीच पुन्हा करणार असतील, असे त्यांना वाटले. शुद्धीवर आल्यावर पाहतात तो पोटाला पिशवी लावलेली. तीन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "पोट माझं, आणि मलाच सांगितलं नाही गं."

ऑपरेशन चुकले नव्हते. गाठ वेळेवर निघाली. पिशवीही तात्पुरती होती, काही महिन्यांनी ती काढली. आज मावशी ठणठणीत आहेत. पण ते तीन दिवस त्यांना सोसावे लागले ते आजारामुळे नव्हे, एका न समजलेल्या शब्दामुळे. मी जन्मभर नर्सिंग केले, दोन दारे सोडून राहते. पाच मिनिटांत समजावले असते. मला कोणी विचारले नाही आणि मीही आपणहून विचारायला गेले नाही. म्हणून हा लेख.

माझे म्हणणे साधे आहे. ऑपरेशनच्या नावाचा अर्थ मराठीत समजल्याशिवाय आपण कोणीही 'तोफेस हस्कामा', म्हणजे संमतीपत्रावर, सही करू नये. ही नावे दिसतात तितकी अवघड नाहीत. बहुतेक ग्रीक भाषेतून आलेली आहेत आणि त्यांचे शेपूट पाहिले की निम्मा अर्थ कळतो.

शेवटी 'एक्टमी' आले तर काहीतरी कापून बाहेर काढणार. अपेंडेक्टमी म्हणजे अपेंडिक्स काढणे, कोलेसिस्टेक्टमी म्हणजे पित्ताशय काढणे. हिब्रूत यासाठी 'क्रिता' हा शब्द आहे. झाड तोडण्यालाही तोच वापरतात. 'क्रितात कीस मारा' म्हणजे पित्ताची पिशवी काढणे, 'क्रितात रेखेम' म्हणजे गर्भाशय काढणे. 'क्रिता' ऐकू आले की विचारायचे: काय काढणार, आणि किती? छातीतल्या गाठीसाठी लंपेक्टमी म्हणजे गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढणे, मास्टेक्टमी म्हणजे पूर्ण स्तन काढणे. दोन्हींत काढणेच आहे, पण बाईच्या दृष्टीने केवढा फरक!

गर्भाशयाच्या बाबतीत एक गैरसमज मी अनेक वर्षे पाहिला. 'टोटल हिस्टेरेक्टमी' म्हटले की बायकांना वाटते, सगळेच गेले. तसे नाही. इथे 'टोटल' म्हणजे गर्भाशय आणि त्याचे मुख. बीजकोश त्यात येत नाहीत, ते काढायचे असतील तर त्याचे नाव वेगळे लिहितात. म्हणून बीजकोश राहणार की जाणार, हे स्पष्ट विचारा.

शेवटी 'ऑटमी' आले तर फक्त कापून उघडणे. लॅपरोटमी म्हणजे पोट उघडणे. आत काय करणार, हे त्या नावातून कळत नाही. ते विचारावे लागते.

'ऑस्टमी' आले तर तोंड करणार. ग्रीक भाषेत 'स्टोमा' म्हणजे तोंड. कोलोस्टमीत मोठ्या आतड्याचे तोंड पोटाच्या कातडीवर आणतात आणि त्यावर पिशवी लावतात; लहान आतड्याचे आणले तर इलिओस्टमी. ट्रॅकिओस्टमीत श्वासनळीला गळ्यावर तोंड करतात. इथे पहिला प्रश्न एकच: तात्पुरते की कायमचे?

'स्कोपी' म्हणजे पाहणे. कोलोनोस्कोपीत आतडे आतून पाहतात, गॅस्ट्रोस्कोपीत जठर. मात्र पाहता पाहता एखादा कोंब दिसला तर त्याच वेळी काढतातही. लॅपरोस्कोपीत पोटाला लहान छिद्रे पाडून कॅमेरा आत घालतात आणि पित्ताशयासारखे अवयव त्यातूनच काढतात. म्हणजे 'नुसते पाहणार' असे समजून निश्चिंत राहू नये. आता पाहा, मावशींच्या दोन शब्दांत अंतर किती होते: एकात पाहणे, दुसऱ्यात तोंड करणे.

'प्लास्टी' म्हणजे आकार देणे, दुरुस्त करणे. अँजिओप्लास्टीत हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद करतात आणि बहुधा आत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. अँजिओग्राफीत मात्र रक्तवाहिन्यांचे चित्र काढतात, कारण 'ग्राफी' म्हणजे चित्र किंवा लेखन. इथे आपल्याला इस्रायलमध्ये एक खास अडचण येते. हिब्रूत दोन्हींना 'त्सिंतूर' म्हणतात. म्हणून विचारायचे: 'अवखनाती' की 'तिपुली'? म्हणजे निदानासाठी, की उपचारासाठी?

आमच्या सिनेगॉगमधले एक काका त्सिंतूरला तयारच होईनात. त्यांच्या भावाची मुंबईत छाती उघडली होती, तेच आपले होणार या भीतीने ते सहा महिने दुखणे अंगावर काढत राहिले. भावाचे झाले होते ते बायपास. हिब्रूत त्याला 'माअकाफ' म्हणतात, म्हणजे वळसा. त्यात पायातली किंवा छातीच्या आतली रक्तवाहिनी घेऊन बंद पडलेल्या भागाला वळसा देतात. त्सिंतूरमध्ये मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी आत सरकवतात, छाती उघडत नाहीत. एवढे मराठीत सांगितल्यावर काका दुसऱ्या आठवड्यात तारीख घेऊन आले. न समजलेला शब्द एकीला गाफील ठेवतो, तर दुसऱ्याला उगाच घाबरवतो.

पुरुषांसाठी आणखी एक. प्रोस्टेटला हिब्रूत 'आर्मोनीत' असेही म्हणतात. वय झाल्यावर लघवी अडते म्हणून जे नेहमीचे ऑपरेशन करतात, त्यात लघवीच्या मार्गातूनच आत जाऊन अडथळा करणारा भाग खरवडून काढतात. पूर्ण ग्रंथी काढत नाहीत. कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढतात ते ऑपरेशन निराळे. दोन्हींना घरात 'प्रोस्टेटचं ऑपरेशन' म्हणतात आणि एकाचा अनुभव ऐकून दुसरा घाबरतो.

मोतीबिंदूचे नाव तर गोड आहे. डोळ्यातल्या भिंगाला हिब्रूत 'अदाशा' म्हणतात आणि मसुरीलाही 'अदाशा'च. एसावने ज्या डाळीसाठी वडीलकीचा हक्क विकला ती ही डाळ. ग्रीक भाषेतही तोच प्रकार आहे, 'फाकोस' म्हणजे मसूर आणि भिंगही, म्हणून आजच्या पद्धतीला 'फेको' म्हणतात. भिंगाचा आकार मसुरीसारखा, एवढेच त्याचे कारण. गढूळ झालेली मसूर काढून तिथे स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात. आणि मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबायचे, हा जुन्या काळचा सल्ला आता सोडून द्यावा. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की डॉक्टरांशी बोलावे.

आपल्या मराठीतही घोटाळे आहेत, हे कबूल केले पाहिजे. "तिची पिशवी काढली" म्हणजे कोणती? गर्भाची, पित्ताची, की पोटाला लावलेली? एकदा 'हरदामा क्लालीत' ऐकून एक आजोबा मला म्हणाले, "मी त्या कुपात खोलीममध्ये नाहीच!" क्लालीत हे आरोग्य फंडाचे नाव खरे, पण इथे त्याचा अर्थ संपूर्ण भूल. 'एझोरीत' म्हणजे कमरेखालचा किंवा एका भागाचा बधिरपणा, 'मेकोमीत' म्हणजे जागेपुरती भूल. आम्ही दोघे हसलो खरे, पण भूल कोणती हे त्यांना ऑपरेशनच्या आधी कळले, हेही महत्त्वाचे.

यावर मला दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे की, डॉक्टरला सगळे कळते, आपण कळून काय करणार? मान्य, कापायचे कसे ते डॉक्टरला कळते. पण पिशवी घेऊन घरी राहायचे, जिने चढायचे, पथ्य सांभाळायचे ते आपल्याला. ज्याला आधी माहीत असते तो तयारीने जातो. घरी कोण मदतीला येईल, न्हाणीघरात धरायला काय हवे, हे तो आधीच ठरवतो.

दुसरे उत्तर मुलांचे असते: "आईला सांगितलं तर ती घाबरेल." मुलांचे प्रेम मला समजते. पण ज्या आईने गाव सोडले, बोट किंवा विमान धरून या देशात आली, भाषा शिकली आणि तुम्हाला वाढवले, ती एका शब्दाला घाबरून मोडेल काय? लपवलेले शुद्धीवर आल्यावर कळतेच, आणि तेव्हा भीतीबरोबर अविश्वासही येतो. शिवाय नातवंडांकडून दुभाष्याचे काम करून घेणे त्यांच्यावरही अन्याय आहे. त्यांना 'बीजकोश' हा मराठी शब्द कुठून येणार? आणि आजीसमोर तो उच्चारायला त्यांना संकोच वाटणारच.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. १९९६ सालच्या इस्रायलच्या रुग्ण हक्क कायद्याप्रमाणे आजार काय आहे, उपचाराचे स्वरूप, हेतू आणि फायदा काय, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, हे रुग्णाला सांगावेच लागते, आणि त्याला जास्तीत जास्त समजेल अशा रीतीने सांगावे लागते. ऑपरेशनला लेखी संमती लागते. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचाही हक्क आहे. एखादी गोष्ट रुग्णाला सांगितल्याने त्याचे मोठे नुकसान होईल असे डॉक्टरला वाटले, तर ती न सांगण्यासाठी नीतिसमितीची मान्यता लागते. नुसत्या नातेवाइकांच्या इच्छेवर ते ठरत नाही. तेव्हा "मला समजले नाही, पुन्हा सांगा" असे म्हणणे हा उद्धटपणा नाही.

हा चौकटीतला मजकूर कापून पाकिटात ठेवावा. सहीच्या आधी विचारायचे सहा प्रश्न:

१. या नावाचा अर्थ काय? काय कापणार, काय काढणार, काय बसवणार?
२. कोणत्या बाजूचे, 'यामीन' की 'स्मोल', उजवे की डावे?
३. जे कराल ते कायमचे की तात्पुरते?
४. भूल कोणती?
५. न केले तर काय होईल, आणि दुसरा उपाय आहे काय?
६. माझ्या औषधांपैकी कोणते थांबवायचे? रक्त पातळ करणारी गोळी किंवा ॲस्पिरिन घेत असाल तर अवश्य सांगा. मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

उत्तर ऐकल्यावर आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगून पाहा. चुकले तर ते तिथेच दुरुस्त करतील.

शेवटी आपल्या समाजाला एक सूचना. मुंबईत असताना डॉक्टर आपल्या भाषेतला असणे नवलाचे नव्हते. कामा इस्पितळाच्या प्रमुख राहिलेल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड तर आपल्याच समाजातल्या. इथल्या इस्पितळात मराठी दुभाषा मिळणे कठीण. पण दिमोना, बेएर शेवा, अश्दोद, लोद, रामला इथे आपल्यात निवृत्त नर्सेस आहेत, फार्मासिस्ट आहेत. प्रत्येक सिनेगॉगने अशा दोघा-चौघांची नावे आणि फोन सूचनाफलकावर लावावेत. ज्याचे ऑपरेशन ठरले असेल त्याच्याबरोबर एकाने सहीच्या दिवशी जावे. पैसा लागत नाही, एक सकाळ लागते. माझे नाव आमच्या फलकावर मी स्वतः लावले आहे.

पिशवी निघाल्यावर मावशींनी एलियाहू हन्नाबीचा मलिदा केला. त्याआधी, पिशवी काढण्याच्या ऑपरेशनच्या सहीला मी बरोबर गेले होते. मावशींनी चष्मा लावला, कागदावर बोट ठेवले आणि डॉक्टरांना हिब्रूत म्हणाल्या, "हा शब्द आधी मला सांगा, मग पेन द्या." डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी कागदावर आतड्याचे चित्र काढून दाखवले. दहा मिनिटे लागली. मग मावशींनी सही केली.