शब्द मागे घेणे आणि शब्द फिरवणे

शब्द मागे घेणे निराळे आणि शब्द फिरवणे निराळे. इंग्रजीतही तसेच आहे. रागात बोललेले मागे घेताना ‘आय टेक इट बॅक’ म्हणतात. ‘इट’ मधे येते, हे ध्यानात ठेवा. वादात हट्ट सोडणे म्हणजे ‘बॅक डाउन’. दिलेला शब्द फिरवणे ते ‘गो बॅक ऑन’, आणि ठरलेल्या सौद्यातून अंग काढून घेणे ते ‘बॅक आउट’.

आपली शिकलेली मुले परप्रांतातल्या व्यापाऱ्याशी इंग्रजीत बोलतात. द्राक्षांचा दर चुकून सांगितला गेला, तर ‘आय टेक इट बॅक’ म्हणून लगेच दुरुस्त करावा. तेथे ‘बॅक आउट’ म्हटले, तर सौदाच मोडला असे व्यापारी समजेल. मुलांकडून एवढे चार शब्दप्रयोग पाठ करून घ्या.