नक्कल पकडणारा संगणक
झाशीच्या बुंदेलखंड विद्यापीठात कुणी राणी लक्ष्मीबाईंवर प्रबंध लिहायला घेतला, तर गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’वाचून त्याचे पान हलायचे नाही. मूळ लेखकाचे नाव देऊन, अवतरणात घेतलेला उतारा चोरी ठरत नाही. गुपचूप उचललेला ठरतो. अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम कडक आहेत. संगणकाला १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर माफ. ४० पर्यंत गेले तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. ६० च्या वर? नोंदणीच रद्द! वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात. गंमत म्हणजे, वर्गातले स्वाध्याय आणि उत्तरपत्रिका या नियमांत येतच नाहीत. तिथे मैत्रिणीची वही उतरवणारीला पकडायचे काम अजून बाईंच्याच नजरेकडे आहे.