दिवाणखान्यातील ‘बैठक’ आणि कायद्याची चौकट

‘आज बसायचे का?’ या प्रश्नाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पूर्वी त्याचे उत्तर ठाण्यातील एखाद्या परमिट रूममध्ये किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरील एखाद्या ढाब्यावर मिळत असे. आता ते बहुधा घोडबंदर रस्त्यावरील विसाव्या मजल्यावर, पलावामधील सदनिकेत किंवा डोंबिवली पूर्वेच्या एखाद्या जुन्या सोसायटीतील दोन खोल्यांच्या घरात मिळते. टेबलावर चखण्याबरोबर चीज आणि ऑलिव्ह दिसू लागले आहेत. यजमान नाशिकच्या वाइनबद्दल दोन वाक्ये अधिकाराने बोलतो, कोणी घरीच कॉकटेल ढवळतो आणि गप्पांत घरातील स्त्रियाही सहभागी असतात. शनिवार रात्रीची बैठक पानगृहातून दिवाणखान्यात आली आहे. या स्थलांतराकडे कोणी चंगळवाद म्हणून पाहतो, तर कोणी आधुनिकतेची खूण म्हणून. या दोन्ही दृष्टिकोनांत महत्त्वाचे प्रश्न मात्र बाजूला राहतात.

या बदलामागे रुचीइतकेच अर्थकारण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूममधील मद्यावरील मूल्यवर्धित कर पाच टक्क्यांवरून दहा टक्के झाला. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय घेतला (निर्मिती मूल्य प्रतिलिटर २६० रुपयांपर्यंत असलेल्या मद्यासाठी). बिअर आणि वाइन यांना या वाढीतून वगळण्यात आले. या निर्णयातून सुमारे चौदा हजार कोटी रुपयांचा अतिरिक्त महसूल अपेक्षित असल्याचे सरकारने सांगितले. शुल्कवाढीच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ रोजी बार आणि परमिट रूमचालकांनी एक दिवसाचा बंद पाळला. बाटली महागली तर ती घरातही महागणारच. परंतु परमिट रूममध्ये त्या किमतीवर मालकाचा नफा, जागेचे भाडे आणि कर यांचा बोजा चढतो. चार मित्रांनी वर्गणी काढून दुकानातून बाटली आणली तर निम्म्याहून कमी खर्चात संध्याकाळ पार पडते, हा हिशेब मध्यमवर्गाला कोणी शिकवावा लागत नाही.

दुसरे कारण करोनाकाळाचे. मे २०२० मध्ये टाळेबंदी शिथिल होताना दुकानांपुढे लागलेल्या रांगा पाहून राज्य सरकारने परवानाधारकांना घरपोच मद्य देण्यास मुभा दिली. बार बंद आणि बाटली दारात, अशी स्थिती काही महिने राहिली. साथ ओसरली, पण सवय उरली.

या सवयीला सामावून घेणारा कायदा मात्र फार जुना आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ साली आला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. मोरारजी देसाई हे त्या धोरणाचे खंदे पुरस्कर्ते होते. त्याचे फलित म्हणजे हातभट्टीचे समांतर साम्राज्य. पुढे वसंतराव नाईक यांच्या काळात बंदी सैल झाली, परवान्यांची व्यवस्था आली; परंतु कायदा रद्द झाला नाही. आज त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे आहे आणि त्याच्या मूळ रचनेनुसार मद्यपान हा गुन्हा असून परवाना हा त्याला अपवाद आहे. म्हणजेच आपल्याच घरात, आपल्याच पैशाने, आपल्याच मित्रांसह पेला हाती घेणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना असावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. एक दिवसाचा परवाना अनेक वर्षे पाच रुपयांत, तर आजीवन परवाना एक हजार रुपयांत मिळत असे. तरीही शनिवारच्या बैठकीत ‘तुमचा परवाना दाखवा’ असे म्हणणारा यजमान अद्याप कोणी पाहिलेला नाही.

कायद्याची वयोमर्यादाही अशीच कागदावर आहे. बिअर-वाइनसाठी २१ वर्षे आणि अन्य मद्यासाठी २५. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर येथे अल्पवयीन चालकाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला, जुलैमध्ये वरळीत तशीच दुर्घटना घडली आणि त्यानंतर पानगृहांत वयाची तपासणी होते की नाही यावर राज्यभर कारवाई झाली. ती आवश्यकच होती. परंतु पानगृहावर निदान छापा घालता येतो, त्याचा परवाना निलंबित करता येतो. घरात वयाचा पुरावा मागणारे कोणी नसते. उलट, ‘बाहेर जाऊन पिण्यापेक्षा आमच्यासमोर घेतलेली बरी’ अशी समजूत काढून अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती बिअर देणारे पालक सुशिक्षित घरांतच आढळतात. यात मोकळेपणा किती आणि जबाबदारी टाळणे किती, याचा विचार त्यांनीच करायचा आहे.

सोसायटीच्या हद्दीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. घराच्या चार भिंतींआडची बैठक वेगळी, पण तीच गच्चीवर किंवा क्लबहाऊसमध्ये भरवली आणि शंभर माणसे बोलावली की तो कार्यक्रम ठरतो. त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. मित्रांनी खर्च वाटून घेणे निराळे. पण प्रवेशशुल्क आकारून नफा कमावला, तर कायद्याच्या दृष्टीने त्या दिवाणखान्याचा गुत्ता होतो. नववर्षाच्या पूर्वसंध्येला कार्यक्रम आखणाऱ्या सोसायट्यांच्या समित्यांना हे बारकावे ठाऊक असतातच असे नाही.

येथे एक सामाजिक विसंगतीही नोंदवली पाहिजे. आषाढ अमावास्येला ‘गटारी’ म्हणून नाके मुरडली जातात. ठाणे जिल्ह्यातील आगरी समाजाच्या हळदी समारंभांतील मद्यपानावर टीका होते आणि समाजातील जाणती मंडळी स्वतः त्याविरुद्ध बोलतात, हे त्यांच्या श्रेयाचेच आहे. मात्र उंच इमारतीतील ‘वाइन टेस्टिंग’ला तोच निकष लावला जात नाही. गावठी, देशी, विदेशी या उतरंडीत मद्याबरोबर माणसांचीही प्रतवारी होते. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. ते सारे गरीब वस्तीतले होते. महागलेली विदेशी परवडत नाही तो शुद्धतेची हमी नसलेल्या दारूकडे वळतो. त्यामुळे शुल्कवाढीचा विचार केवळ तिजोरीच्या अंगाने करणे धोक्याचे ठरते.

वाइनच्या बाबतीत राज्याचे धोरण सतत हेलकावे खात आले आहे. नारायणगावात १९८०च्या दशकात सुरू झालेली वाइननिर्मिती, १९९९ नंतर नाशिकमध्ये ‘सुला’ने दिलेली चालना आणि २००१चे द्राक्ष प्रक्रिया धोरण यांमुळे वाइन हे शेतकऱ्याचे उत्पादन असा युक्तिवाद रूढ झाला. त्याच आधारावर जानेवारी २०२२ मध्ये महाविकास आघाडी सरकारने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये स्वतंत्र कपाटातून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. त्याला तीव्र विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, पुढे सरकारच बदलले आणि निर्णय अंमलात आला नाही. मार्च २०२५ मध्ये तर सोसायटीच्या आवारातील गाळ्यात नवे मद्यविक्री दुकान सुरू करण्यापूर्वी त्या सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र अनिवार्य करण्याची घोषणा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत केली. तळमजल्यावर दुकान नको, अशी मागणी करणारे आणि सतराव्या मजल्यावर बाटली उघडणारे रहिवासी अनेकदा एकच असतात. यात दांभिकपणा आहे असे मात्र सरसकट म्हणता येणार नाही. दुकानापुढील गर्दी, शेरेबाजी आणि रात्रीची भांडणे यांचा त्रास खरा आहे आणि तो अधिक करून स्त्रियांनाच सोसावा लागतो.

या साऱ्यात आरोग्याचा मुद्दा उपचारापुरता उरतो. मद्यपानाची कोणतीही पातळी आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. ‘रोज थोडी वाइन हृदयाला चांगली’ हा दिवाणखान्यातील आवडता दाखला त्यामुळे निकालात निघतो. ‘मी तर फक्त बिअर घेतली’ हा दुसरा गैरसमज. साठ मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये ४२.८ टक्के प्रमाणाने सुमारे २६ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या साडेसहाशे मिलिलिटरच्या बाटलीत तो ५२ मिलिलिटर, म्हणजे दोन मोठ्या पेगएवढा भरतो. दीडशे मिलिलिटर वाइनमध्ये तो वीसच्या आसपास जातो. घरच्या कॉकटेलचा तर हिशेबच लागत नाही, कारण तेथे माप नसते आणि फळांच्या रसात मद्याची चव लपते. परमिट रूममध्ये निदान मोजून ओतले जाते आणि बिल वाढल्याचे दिसते. घरात यजमानाचा आग्रहच मापाची जागा घेतो.

आणि मग निघायची वेळ येते. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. रिकाम्या पोटी घेतलेला एक मोठा पेगही सर्वसाधारण बांध्याच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला लावू शकतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चालकाला चिथावणी देणारा वा साथ देणारा सहप्रवासीही कलम १८८ खाली अडकू शकतो. ३१ डिसेंबरला येऊरच्या जंगलाचे दरवाजे बंद होतात, ठाण्यापासून कल्याणपर्यंत नाक्यानाक्यावर तपासणी होते. पण वर्षातील उरलेल्या शनिवारी घोडबंदर रस्त्यावर मध्यरात्री धावणाऱ्या अवजड वाहनांच्या मधून दुचाकी काढणाऱ्याला अडवणारे फारसे कोणी नसते. शेवटची लोकल चुकली की कल्याण-डोंबिवलीच्या माणसापुढे पर्याय थोडे उरतात. आणि गाडी मिळाली तरी नशेत रेल्वेतून प्रवास करणे हाही रेल्वे कायद्यानुसार गुन्हाच आहे.

म्हणूनच या प्रश्नाची उकल बंदीच्या घोषणेत नाही आणि बेफिकिरीतही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हा ‘आमच्या ताटात काय असावे हे पालिकेने ठरवू नये’ असा सूर उमटला. तो सूर पेल्याच्या बाबतीतही लावायचा, तर त्याबरोबर येणारे दायित्वही पत्करावे लागेल. ताटातील पदार्थ शेजाऱ्याला धडक देत नाही. राज्यानेही पाऊणशे वर्षांपूर्वीच्या दारूबंदीच्या नावाखाली महसूल गोळा करण्याचा दुटप्पीपणा सोडून परवान्याची कालबाह्य चौकट एकदा तपासावी. जो नियम कोणीच पाळत नाही आणि कोणीच तपासत नाही, तो वयोमर्यादेसारख्या आवश्यक नियमांचीही प्रतिष्ठा घालवतो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर काही गोष्टी यजमानाच्याच हाती आहेत. जेवण उशिरा न वाढता आधी वाढणे, न घेणाऱ्याला आग्रह न करणे, घरातील मुलांना पेले भरायला न लावणे आणि रात्री पाहुण्याच्या गाडीची किल्ली मागून घेऊन त्याला रिक्षात बसवणे किंवा बैठकीच्या खोलीत गादी टाकून देणे. पाहुण्याला दारापर्यंत पोहोचवण्याची आपल्याकडे रीत आहे. ज्या रात्री पेले भरले जातात, त्या रात्री तो त्याच्या घरी सुखरूप पोहोचल्याचा निरोप आल्याखेरीज यजमानाने दिवा मालवू नये, एवढी भर त्या रीतीत घालायला हरकत नसावी.