पृथ्वीच्या इतिहासाची उलटतपासणी

कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून काय सांगतो याला अर्धीच किंमत असते. उरलेली अर्धी त्याची उलटतपासणी झाल्यावर ठरते. जिची उलटतपासणी करू दिलेली नाही अशा साक्षीवर कोणतेही शहाणे न्यायालय निकाल देत नाही. मग विज्ञानाच्या दरबारात वेगळा न्याय का चालवून घ्यायचा?

हा प्रश्न मला माझ्या भाच्याने घातला. तो भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतो आहे. त्याच्या पुस्तकात चार चौकटींचे एक चित्र आहे. पहिल्या चौकटीत भारत आफ्रिका आणि अंटार्क्टिकाला चिकटलेला, शेवटच्या चौकटीत आशियाला जाऊन भिडलेला. त्याने वर्गात विचारले, की भारत इतकाच सरकला आणि इतकाच वळला हे कोणी आणि कशावरून मोजले? उत्तर मिळाले, "परीक्षेला एवढे विचारत नाहीत." घरी येऊन तो मला म्हणाला, "मामा, याचा पुरावा कुठे ठेवलेला असतो?"

मी पडलो वकील. पण पुराव्याबद्दल विचारल्यावर गप्प बसणे आमच्या धंद्यात बसत नाही. शोध घेताना आम्हा दोघांना जीप्लेट्स नावाचे सॉफ्टवेअर सापडले. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या अर्थबाइट गटाने अमेरिकेतील कॅलटेक आणि नॉर्वेतील भूवैज्ञानिकांच्या सहकार्याने ते उभे केले. त्याला ऑस्ट्रेलियाच्या सरकारी तिजोरीतून पैसा मिळाला आहे. पडद्यावर पृथ्वीचा गोल येतो, खाली काळाची पट्टी असते. ती मागे ओढली की भूखंड आपापल्या जुन्या जागी सरकतात. पाहणाऱ्याला हा खेळ वाटेल. माझे लक्ष मात्र गोलावर नव्हते, त्यामागच्या साध्या अक्षरी फाइलीवर होते.

त्या फाइलीला रोटेशन फाइल म्हणतात. अठराव्या शतकातील गणिती ऑयलर याने सिद्ध केले, की गोलाच्या पृष्ठभागावरची कोणतीही सरक ही एका अक्षाभोवतीची फिरकी म्हणून मांडता येते. १९६५ साली केंब्रिजच्या बुलार्ड, एव्हरेट आणि स्मिथ यांनी संगणकावर अटलांटिकचे दोन्ही काठ जुळवले ते याच युक्तीने. म्हणून फाइलीतील एका ओळीत फार काही लागत नाही. कोणता भूपट्ट, किती दशलक्ष वर्षांपूर्वी, फिरकीच्या अक्षाचे अक्षांश, रेखांश, फिरकीचा कोन आणि कोणत्या पट्टाच्या तुलनेत. भारताचा क्रमांक ५०१, आफ्रिकेचा ७०१, अंटार्क्टिकाचा ८०२. ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह टाकून हा आकडा कोणाच्या संशोधनातून घेतला ते लिहायला जागा असते.

खेड्यातल्या वाचकाला हे लगेच कळेल. हा पृथ्वीचा सातबारा आहे आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक फेरफार. भारताची जागा शेजारच्या पट्टावरून ठरते, त्याची आणखी तिसऱ्यावरून, अशी साखळी बहुतेक मॉडेलांत आफ्रिकेपर्यंत जाते. मधला एक फेरफार चुकला तर त्याखालच्या सगळ्या नोंदी चुकतात. जमिनीच्या दाव्यात आम्ही जुने फेरफार काढून बसतो ते उगीच नव्हे. जीप्लेट्समध्ये भाच्यासारखा कोणीही ती ओळ उघडतो, कोन बदलतो आणि परिणाम पाहतो. एकाच गोलावर दोन संशोधकांची परस्परविरोधी मॉडेले लावून फरक बघतो. पुस्तकातल्या चार चौकटींना हे कधीच विचारता आले नसते.

या फेरफारांमागचा पुरावा आपल्या पायाखालून आणि आपल्या समुद्रातून गेला आहे, हे किती जणांना माहीत आहे? केंब्रिजमध्ये टेड आयर्विंग नावाचा विद्यार्थी पीएच.डी.साठी दगडांतील चुंबकत्व मोजत होता. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात गोठून राहते. क्षेत्राचा कल अक्षांशाप्रमाणे बदलतो, म्हणून दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते त्यावरून काढता येते. आयर्विंगने दख्खनचा बेसाल्ट मागवून तपासला. निष्कर्ष निघाला, की हा दगड विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला थंड झाला आणि भारत हजारो किलोमीटर उत्तरेला आला. भूखंड सरकतात हे म्हणणे तेव्हा प्रतिष्ठितांना मान्य नव्हते. १९१२ साली ते मांडणाऱ्या वेगनरलाही, हा तर हवामानशास्त्रज्ञ, असे म्हणून बाहेरचा ठरवले गेले होते. १९५४ साली आयर्विंगचा प्रबंध परीक्षकांनी नाकारला. तो पदवीशिवाय ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथे काम चालू ठेवले. १९७९ साली रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. दरम्यान १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी समुद्रतळ दुभंगून पसरतो हे चुंबकीय पट्ट्यांवरून दाखवले. त्यांनी वापरलेली मोजमापे होती हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरची.

म्हणजे दगड आमचा, समुद्र आमच्या दाराशी आणि निकाल देणारे परीक्षक बंद खोलीत. आज त्याच दख्खनवर जीप्लेट्समध्ये एक ठिपका ठेवून वय ६६ दशलक्ष वर्षे केले, की तो रियुनियन बेटाच्या परिसरात जातो. ज्या तप्त स्थानावरून आमचा काळा दगड ओतला गेला असे मानतात ते आज त्या बेटाखाली आहे. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही रांग त्याचाच माग.

आता कायद्याचे बोलतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम २(ओ) प्रमाणे, संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती आहे. गमतीचे वाटेल, पण कादंबरी आणि सॉफ्टवेअर कायद्याला सारखेच. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे त्यावर मालकी राहते. जीप्लेट्स ज्या जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिले आहे, तो १९९१ सालचा परवाना याच मालकीचा उपयोग करतो. घ्या, आतली मूळ संहिता वाचा, बदला, वाटा. पण ज्याला द्याल त्यालाही हाच अधिकार द्यावा लागेल. अट मोडली तर तुमचा परवाना गेला. हा नुसता सद्भावनेचा कागद नाही. २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने हा परवाना बंधनकारक धरून एका कंपनीविरुद्ध मनाई हुकूम दिला होता.

फुकट मिळते म्हणून मी त्याची बाजू घेत नाही. फुकट देणारा उद्या देणे बंद करू शकतो. तेलाचा शोध घेणाऱ्या कंपन्यांसाठी अशीच मॉडेले पैसे घेऊन बनवली जातात आणि ती कुलूपबंद असतात. तिथे आकडा कुठून आला हे भाच्याला विचारता येत नाही. मला उलटतपासणीचा हक्क हवा आहे आणि तो या परवान्यात लेखी आहे.

कोणी भाबडेपणाने समजू नये, की पडद्यावर गोल फिरला म्हणजे सत्य सिद्ध झाले. चुकीची फाइल घातली तर चुकीचा भूतकाळही तितकाच सुंदर फिरतो. आजच्या समुद्रतळाचा बहुतेक भाग १८० दशलक्ष वर्षांपेक्षा तरुण आहे. त्याआधीचा जवळजवळ सगळा पृथ्वीच्या पोटात परत गेला. त्यामागे गेले की मुख्य आधार उरतो दगडांच्या चुंबकत्वाचा, आणि ते अक्षांश सांगते, रेखांश सांगत नाही. शिवाय पडद्यावरचे शब्द इंग्रजीत, संगणक चांगला हवा, समजावणारे शिक्षक हवेत. आमच्या मुलांच्या वाटेतले हे अडथळे परवान्याने दूर होत नाहीत.

सॉफ्टवेअर खुले झाले, पण त्यात घालायचे आकडे आपल्याकडे कपाटात असतील तर काय उपयोग? विद्यापीठांत सरकारी शिष्यवृत्तीवर दख्खनच्या दगडांवर प्रबंध होतात. छापला जातो निष्कर्ष आणि एखादा नकाशा. नमुना कुठला, प्रत्येकाचे मोजमाप काय, हे वाचकाला मिळत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम २(फ) मध्ये नमुने, मॉडेल आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सामग्री यांचा माहितीत स्पष्ट समावेश आहे. कलम ९ फक्त शासनाव्यतिरिक्त कोणाच्या कॉपीराइटचा भंग होत असेल तर नकाराची वाट देते. जनतेच्या पैशातून झालेल्या मोजमापांच्या कोऱ्या आकड्यांना ते कलम आड येऊ नये असे माझे मत आहे. कोणाला वेगळे वाटत असेल तर अपिलात भेटू.

भाच्याने वस्तीतल्या अभ्यासिकेच्या जुन्या संगणकावर नांदेडच्या जागी ठिपका ठेवला. दोन मॉडेले लावली. दोघांनी नांदेडला दोन वेगळ्या अक्षांशांवर नेले. खरे कोणाचे, हे ठरवायला त्याला एका प्रबंधातील मूळ मोजमापे हवी आहेत. अर्ज त्याने स्वतःच्या हाताने, मराठीत लिहिला. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प मी लावून दिले. आता आम्ही तीस दिवस मोजतो आहोत.