कुत्र्याची जागा

पुतणीच्या हळदीला आमच्या वस्तीवर पाव्हणे जमले होते. जेवणं उरकली, पुरुषमाणसं मांडवात वाकळा पसरायला लागली. मी रोजच्यासारखी आमच्या चिमीला हाक मारली. ती आली, ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटावर दोन गिरक्या घेऊन बसली आणि मी ग्रिलच्या दाराला आतून कडी घातली. आमचे मेव्हणे मांडवातून मोठ्यांदा म्हणाले, "काय वो दाजी, कुत्रं घरात न् पाव्हणं मांडवात! असलं दिस आलं व्हय?"

सगळा मांडव हसला. मीही हसलो. लग्नघरात वाद घालू नये म्हणून गप्प बसलो. पण ते बोलणं मनातून गेलं नाही. कारण मेव्हण्यांचं हेच वाक्य पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः म्हणत होतो, आणि त्याची किंमत माझ्या कुत्र्याने भरली. म्हणून तेव्हा न दिलेलं उत्तर इथं देतो.

कुत्र्याची जागा बाहेर, हे आम्हाला कोणी शिकवलं? वाडवडलांनी. बरोबर आहे. पण वाडवडलांचं 'बाहेर' कसलं होतं ते आधी बघा. माझं लहानपण जुन्नर तालुक्यातल्या गावठाणात गेलं. 72 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. घराला घर लागून, भिंतीला भिंत. शिवारात बाजरी, मटकी, हुलगा. गुडघ्याएवढं पीक, तेही चार महिने. बाकी वर्षभर रान उघडंबोडकं. ससा पळाला तरी लांबून दिसायचा. कुत्रं असायचं ते सगळ्या आळीचं. पाच घरी भाकरी, सहाव्या घरी ताक. गळ्यात पट्टा नाही की साखळी नाही. थंडी वाजली तर चुलीच्या भिंतीला बाहेरून टेकून झोपायचं, पाऊस आला तर कुणाच्याही पडवीत शिरायचं. वाघ होता, पण तो डोंगराच्या कपारीत. गावात वाघाच्या गोष्टी यायच्या, वाघ येत नव्हता.

पुढं कुकडीची धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. कालव्याला पाणी आलं आणि आमचं नशीब फिरलं. मी त्याला नावं ठेवणार नाही, त्याच पाण्यावर माझी पोरं शिकली. पण पाण्याबरोबर ऊस आला. ऊस म्हणजे चार महिन्यांचं पीक नव्हे. सुरूचा लावला तर बारा महिने उभा, आडसाली लावला तर सोळा-अठरा महिने. माणसाच्या दीडपट उंच, आत पाचटाचा मऊ थर, बाजूला पाटाचं पाणी, सावली. बिबट्याला याहून चांगलं रान कुठलं? माद्या उसातच विऊ लागल्या. तोडणीला टोळी आली की पाचटात पिल्लं सापडतात, हे आमच्याकडं आता नवं राहिलं नाही. उसात जन्मलेल्या त्या पिल्लाला डोंगर ठाऊकच नाही. ऊस हेच त्याचं माहेर.

आणि नेमकं याच काळात आम्ही गावठाण सोडून मळ्यात राहायला आलो. घर एकटं, तिन्ही बाजूंनी ऊस. कुत्रंही मळ्यात आलं आणि त्याच्या गळ्यात साखळी पडली. का, तर शेजाऱ्याच्या कोंबड्या धरतं, रस्त्यावर गाडीखाली जाईल, बांधावरून भांडणं होतील. कारणं खोटी नव्हती. पण बघा काय झालं. वाडवडलांच्या कुत्र्याला बाहेर मोकळीक होती, सोबत होती आणि धोका कमी होता. आमच्या कुत्र्याला बाहेर साखळी मिळाली, एकटेपण मिळालं आणि पंधरा हातांवर ऊस मिळाला. सगळं बदललं, 'कुत्र्याची जागा बाहेर' हे वाक्य तेवढं तसंच राहिलं. मोट गेली, मोटर आली, तेव्हा कोणी म्हणालं नाही की वाडवडील मोट हाकायचे म्हणून आम्हीही हाकणार.

आमच्या खंड्याचं सांगतो. तांबूस रंगाचा, छातीवर पांढरा पट्टा. रात्रीची लाइट असली की मी बारी द्यायला जायचो, खंड्या माझ्या पुढं चार पावलं. उसाच्या सरीत पाय टाकण्याआधी तो उभा राहून वास घ्यायचा. तो पुढं गेला तरच मी जायचो. दोनदा त्याने मला थांबवलं होतं, कशासाठी ते मी तपासायला गेलो नाही. असा तो माझा सोबती. पण घरी आलो की मी त्याला गोठ्याच्या कडेच्या खुंट्याला अडकवायचो आणि आत येऊन दार लावायचो.

पौषातली थंडी होती. दोन दिवस खंड्या संध्याकाळी ग्रिलला नखं घासत होता. भाकरी टाकली तर हुंगून सोडून द्यायचा. आमची मंडळी म्हणाली, "आवं, त्याला आत घ्या. त्याचं लक्षण बरं न्हाई." मी म्हणालो, "कुत्र्याची जागा गोठ्यात. आज आत घेतलं तर उद्या चुलीपाशी बसंल." तिसऱ्या रात्री तो भुंकायला लागला. मग भुंकणं बदललं, बारीक झालं. मग साखळीचा आवाज. साखळी पुरी ताणली, की खुंट्यावर 'टण्ण' वाजते, तसा तीनदा वाजला. मी बॅटरी घेऊन दार उघडेपर्यंत सगळं शांत झालं होतं.

सकाळी खुंट्याला साखळी होती, साखळीला तुटका पट्टा होता आणि उसाच्या दिशेने ओढल्याची खूण होती. पुढं मी गेलो नाही.

बिबट्याला मी दोष देत नाही. त्याचं ते पोट आहे. मला जे डाचतं ते हे की खंड्याला पळता येत होतं. मोकळा असता तर निसटला असता, दारापाशी आला असता, निदान लढला असता. आठवडे बाजारातून साखळी मी आणली होती, दारही मीच लावलं होतं. बिबट्याने फक्त उरलेलं काम केलं.

गाय, बैल, शेळी गेली तर पंचनामा होतो. कुत्र्यासाठी पंचनाम्याला कोणी बोलावतही नाही. 'कुत्रं नेलं' एवढं म्हणायचं आणि दुसरं पिल्लू आणायचं. माझ्या ओळखीत एकाच खुंट्यावर चार कुत्री गेलेली घरं आहेत. खुंटा मात्र कोणी हलवला नाही.

आता मेव्हण्यांचा पहिला मुद्दा: कुत्रं आत घेतलं तर राखण कोण करील? पाव्हणं, राखण म्हणजे काय ते सांगा. कुत्र्याने ओरडून तुम्हाला उठवायचं, बरोबर ना? कुत्र्याचे कान ग्रिलच्या आतून बाहेरचं ऐकू शकत नाहीत काय? आमची चिमी ओसरीतून भुंकते आणि मी उठतो. केबल चोरायला आलेला माणूस कुत्र्याच्या आवाजाला भितो, ते खुंट्याला आहे की ओसरीत आहे याची चौकशी करत बसत नाही. बिबट्याचं तर उलटंच आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तपासली. त्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के कुत्रीच निघाली. शेळ्या 11 टक्के, आणि त्या भागात शेळ्या तर कुत्र्यांच्या सातपट. म्हणजे बिबट्या आमच्या वस्तीवर मुख्यतः येतो कशासाठी? कुत्र्यासाठी. अंगणात बांधलेलं कुत्रं बिबट्याला लांब ठेवत नाही, त्याला अंगणाचा रस्ता शिकवतं. आणि त्याच अंगणात पहाटे तुमची सून शेणकुराला येते, संध्याकाळी नातू खेळतो. वाघाच्या सापळ्यात शेळी बांधतात तिला आपण आमिष म्हणतो. खुंट्याच्या कुत्र्याला राखणदार म्हणतो. फरक मला दाखवा.

दुसरा मुद्दा आमच्या आईचा होता. आई माळकरी. "घरात देव हाय, कुत्रं उंबऱ्याच्या आत नगं." आईशी मी भांडलो नाही, पण विचारलं. खंडोबाच्या संगती कुत्रं, भैरवनाथाचं वाहन कुत्रं, दत्ताच्या पायाशी चार कुत्री. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन मागं धावले, ही गोष्ट आई तूच मला सांगितलीस. धर्मराजाने कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जायला नकार दिला. स्वर्गाच्या दाराशी जे चाललं ते आपल्या ओसरीला का चालू नये? आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "देवाच्या कुत्र्याला गोचीड नसत्यात लेका."

हे मात्र खरं बोलली. विटाळाला मी मानत नाही, पण गोचीड, पिसवा, जंत आणि पिसाळण्याचा रोग यांना मानतो. कुत्रं घराशी आणायचं तर त्याचा खर्च आणि कष्ट घ्यावे लागतात. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग दर वर्षी. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, कारण कुत्र्याच्या पोटातला जंत पोराच्या पोटात जाऊ शकतो. गोचीड वेचायच्या, गोणपाट उन्हात टाकायचं. स्वयंपाकघरात आणि देवघरात त्याला बंदी, ती आमच्याकडं आजही आहे. आणि कुठलंही कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. हे सगळं बाहेरच्या कुत्र्यालाही लागतंच. फक्त ते बाहेर असलं की आपल्याला विसरायला सोपं जातं.

आता शहरातली मंडळी हे वाचून खूश झाली असतील. त्यांनाही दोन शब्द. माझ्या नात्यातल्या एका पोराने पुण्यात चौथ्या मजल्यावर कुत्रं पाळलंय. बर्फाच्या मुलखातलं, अंगावर कांबळ्यासारखे केस. चैत्रात ते फरशीला पोट लावून धापा टाकतं. नवरा-बायको सकाळी नऊला जातात, रात्री आठला येतात. ती मला म्हणाली, "काका, गावाकडं कुत्र्यांना साखळीला बांधतात, किती क्रूर!" बाई गं, खरं आहे तुझं. पण अकरा तास बंद दाराआड एकटं ठेवलंस, ती पण साखळीच. तुझी लांब आहे आणि तिचा आवाज होत नाही, एवढंच. आणि ज्यांना कुत्रं नकोसं होतं ते गाडीत घालून आमच्या घाटात, हमरस्त्याला सोडून जातात. 'खेड्यात मोकळं राहील' म्हणे! गादीवर वाढलेलं ते कुत्रं दोन दिवस प्रत्येक गाडीमागं धावतं, तिसऱ्या दिवशी दिसत नाही. कुठं गेलं ते आम्हाला ठाऊक असतं.

मग बाहेर ठेवणं पाप आणि आत ठेवणं पुण्य, असं आहे का? तसंही नाही. दिवाळीनंतर आमच्या रानात धनगर मेंढरं बसवतात. त्यांची कुत्री थंडीवाऱ्यात उघड्यावर असतात. पण बांधलेली नसतात, दोन-तीन जोडीने असतात, कुणाच्या गळ्यात बिबट्याचा दात लागू नये म्हणून खिळ्यांचा पट्टा असतो. एका धनगराला मी विचारलं, "तुझी कुत्री बाहेर कशी रे?" तो म्हणाला, "मी पण भाईरच हाय की, पाटील."

माझ्या साऱ्या शिक्षणाने जे मला कळलं नव्हतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. धनगराचं कुत्रं बाहेर आहे, कारण धनगर बाहेर आहे. दोघांवर एकच आभाळ, दोघांना एकच धोका. मी मात्र दारामागं उबेत झोपलो आणि खंड्याला धोक्यात ठेवून त्याला त्याची 'जागा' म्हणालो. जिथं धनी झोपतो तिथं कुत्र्याने झोपावं, एवढाच न्याय. बारी द्यायला मी उसात गेलो तर चिमी उसात. मी ओसरीत तर ती ओसरीत.

ज्याच्या घरात ओसरी नाही, एकाच खोलीत सात माणसं आहेत, त्याला मी आत घे म्हणणार नाही. त्याने गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी मारावी, कुत्रं जनावरांसोबत आत मोकळं सोडावं. वनखात्याची माणसंही गोठा बंदिस्त करा म्हणूनच सांगतात. जाळीला पैसे लागतात, मला ठाऊक आहे. तेही नसतील तर कुत्रं पाळू नये. न पाळणं हा गुन्हा नाही.

म्हणून पाव्हणं, हसायचं तेवढं हसा. त्या रात्री मांडवात तुम्ही पंचवीसजण होता आणि लख्ख दिवे होते, म्हणून तुम्हाला निवांत झोप लागली. तुमच्या गोठ्यापाशीही एक काळं कुत्रं साखळीला आहे, मी बघितलंय. त्याला ना दिवा, ना सोबत. आज दिवस मावळायला त्याच्याजवळ जा, साखळी सोडा आणि ते कुठं जातं ते बघा. ते पळून जाणार नाही. तुमच्या दाराशी येऊन उभं राहील. पुढचं तुमच्या हातात.