आरोग्यविचार : स्थूलता आणि संयम

पंक्तींत एखाद्या अतिस्थूल मनुष्याच्या पानावर तुपाची धार पडली कीं भोंवतालच्या माना वळतात. आणि महिनाभराचें पथ्य सुटून तो पूर्ववत् झाला कीं, ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण त्याच्या कानीं पडतेच. हा उपहास निर्दय तर खराच. पण तो अज्ञानमूलकही आहे, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंत ‘द बिगेस्ट लूझर’ नांवाची वजन घटविण्याची दूरचित्रवाणी-स्पर्धा होत असे. तिच्यांतील १४ स्पर्धकांचें वजन ३० आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरलें होतें. सहा वर्षांनीं पाहतां त्यांतील सुमारें ४१ किलो परत आलें होतें. शिवाय, विश्रांतींत असतांना त्यांचे देह अपेक्षेहून दररोज सुमारें ५०० उष्मांक कमी खर्चीत होते. केविन हॉल व त्यांचे सहकारी यांनीं हा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध केला.

याचें इंगित काय? मेद घटला कीं त्यांतून स्रवणारें लेप्टिन हें संप्रेरक घटतें. जठरांतील, भूक चेतविणारें ग्रेलिन वाढतें. मेंदूस वाटतें, दुष्काळ पडला! मग काटकसरी गृहिणीप्रमाणें देह आपला खर्च आवरतो आणि अन्नाची मागणी मात्र वाढवितो. वजन उतरल्यावर वर्ष लोटलें तरी हीं संप्रेरकें पूर्वस्थितीवर येत नाहींत, असें मेलबर्न येथील संशोधकांना २०११ सालीं आढळलें. चार दिवसांची भूक कोणीही मारील. वर्षानुवर्षें ती मारणें ही गोष्ट निराळी.

म्हणून आहाराचें नियमन व्यर्थ आहे, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. मिताहार व व्यायाम हा पाया आहेच. परंतु अतिस्थूलता हा दीर्घकालीन विकार असून, मधुमेहाप्रमाणें तिलाही पुष्कळदां वैद्यकीय उपचारांची जोड लागते. भूक शमविणारीं नवीं औषधें आहेत. योग्य रुग्णास जठरावरील शस्त्रक्रियाही करतां येते. निर्णय अर्थात् तज्ज्ञ डॉक्टरांचा.

घरांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंति एवढीच कीं, सुनेच्या अथवा नातवाच्या पानाकडे पाहून टोमणा मारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. मधुमेह झालेल्या माणसास आपण हंसत नाहीं. त्याला डॉक्टरांकडे नेतों. तोच न्याय येथें लावावा. टोमण्यानें वजन उतरत नाहीं. दवाखान्याची वाट मात्र लांबते.