आजींच्या खुर्चीमागचा दिवा

बीडच्या वा माजलगावच्या कापडपेठेत साडी मनात भरली, तरी जाणते गिऱ्हाईक ती दुकानाच्या दारात नेऊन दिवसाच्या उजेडात उलगडून पाहते आणि मगच पैसे मोजते. दिव्याखाली दिसणाऱ्या रंगावर त्याचा विश्वास नसतो. दुकानदारालाही त्यात वावगे वाटत नाही. तोच दुकानदार स्वतःच्या नव्या घरासाठी दिवे घेताना मात्र हा चोखंदळपणा विसरतो. छताला फॉल्स सीलिंग, त्यात दहा-बारा गोल पांढरेशुभ्र दिवे, की झाले काम.

आणि मग आजींचे वाचन सुटते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून त्या स्वाध्यायाला बसतात. छतातील दिवे डोळ्यांवर येतात, पानावर मात्र स्वतःच्याच डोक्याची सावली पडते. घरचे म्हणतात, वय झाले. ते खरेच आहे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. पण म्हणूनच तो वरून न येता खांद्यामागून, नेमका पानावर यावा लागतो. खुर्चीमागे शेड असलेला एक उंच दिवा ठेवला, तर दोष डोळ्यांचा किती आणि उजेडाचा किती, हे चार दिवसांत कळते.

जुन्या माळवदाच्या घरांतील माणसे हे जाणून होती. देवळीतला दिवा वाटेपुरता, कंदील वहीजवळ, चिमणी चुलीपाशी. जेथे काम तेथे उजेड. विजेचा बल्ब खोलीच्या मधोमध टांगला गेला आणि ही जाण मागे पडली.

दिव्याच्या खोक्यावर वॉटखेरीज आणखी एक आकडा असतो. २७०० ते ३००० केल्व्हिन म्हणजे पिवळसर उजेड. तो बैठकीच्या व निजण्याच्या खोलीला शोभतो. ४००० चा उजेड स्वयंपाकाच्या ओट्यावर धान्य निवडताना बरा. ६५०० चा निळसर पांढरा उजेड दुकानात चालतो, घरात तो रुक्ष वाटतो. शिवाय पावसाळ्यात किडे निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे अधिक झेपावतात, पिवळसर प्रकाशाकडे कमी. अंगणातला आणि खिडकीजवळचा दिवा पिवळा निवडण्यास जीवदयेचे हे एक कारण पुरे आहे. एकाच खोलीत दोन्ही रंग मिसळू नयेत. भिंत डागाळल्यासारखी दिसते. सीआरआय हा आकडा रंगाच्या खरेपणाचा. कपाटासमोर आणि आरशापाशी तो ९० च्या पुढे असावा, म्हणजे साडी दारात न्यावी लागणार नाही.

आता थोडा हिशेब. ६० वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्याला ९ युनिट जळत. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी १.३५ युनिटांत भागवतो. परंतु छतात १२ वॉटचे बारा दिवे बसवले, की १४४ वॉट झाले. चोकसह दोन जुन्या ट्यूबलाइटही इतकी वीज खात नसत! ही बचत कोणत्या वहीत मांडायची? त्यापेक्षा छतात चारच दिवे, भिंतीवर दोन आणि वाचनाचा एक असावा; प्रत्येकाचे बटण वेगळे.

रात्री उठणाऱ्या वृद्धांसाठी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत घोट्याच्या उंचीवर मंद दिवे हवेत. छतातला दिवा एकदम लावला, की डोळे दिपून पाऊल चुकते. या साऱ्या जागा गिलाव्यापूर्वीच खडूने खुणा करून वायरमनला दाखवाव्यात. त्या दिवशी आजींनाही सोबत न्यावे आणि त्यांची खुर्ची कोठे असणार, ते त्यांनाच विचारावे.